साठ पिनांचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम: जुना घ्यावा की नवा?

कोल्हापुरात आज कुणी 'टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम' मागितला तर दोन अगदी वेगळ्या वस्तू समोर येतात. एक नवी. खेळण्यांच्या किंवा मोबाइल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातला वजनाला हलका डबा, त्यात शेकडो गेम आधीच भरलेले. दुसरी जुनी. नव्वदच्या दशकातली, समुराई, मीडिया, टर्मिनेटर असा काहीतरी शिक्का असलेली, कुणाच्या तरी माळ्यावरून उतरून जुन्या सामानाच्या पथारीवर आलेली. दोन्हींवर मारिओ चालतो, दोन्हींना दोन रिमोट असतात, त्यामुळे घेणाऱ्याला त्या एकच वाटतात. हे परीक्षण त्या जुन्या संचाचं आहे. निकाल आधीच सांगतो: जुनाच घ्या, त्यातही आत दोन मोठ्या चिप असलेला मिळाला तर सोडू नका. मात्र जसा मिळाला तसा घरी आणून प्लगमध्ये खुपसू नका. बरेच संच पहिल्या दहा मिनिटांत मरतात ते याच घाईमुळे.

हे यंत्र म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनला विक्रीस आला. त्याचा प्रोसेसर ६५०२ घराण्यातला, वेग १.७९ मेगाहर्ट्झ, कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट, चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. आपल्याकडे 'व्हिडिओ गेम' म्हणून घरोघर पोचल्या त्या याच्या तैवान-चीनकडच्या नकला. 'कॅसेट' हा शब्द आपण कार्ट्रिजला लावला, तो पुढेही लावणार आहे, कारण दुकानदारालाही तोच कळतो.

संच हातात आला की आधी उलटा करा. तळाला चार ते सहा स्क्रू असतात. दुकानदार नाही म्हणाला नाही तर तिथंच उघडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आत दोन प्रकार दिसतात. पहिल्यात चाळीस-चाळीस पायांच्या दोन लांब चिप शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. त्यांच्यावर बहुधा यूएमसी या तैवानी कंपनीचे क्रमांक दिसतात: प्रोसेसरवर यूए६५२७ आणि चित्राच्या चिपवर यूए६५३८. दुसऱ्यात काळ्या डांबरासारख्या गोळ्याखाली सगळं यंत्र एकाच चिपमध्ये दडलेलं असतं. पहिला प्रकार दुरुस्त होतो. चिप काढता येते, पायावर व्होल्टेज मोजता येतं, बोर्डावरच्या वाटा डोळ्यांना दिसतात. गोळ्याचा बोर्ड बिघडला तर आजूबाजूचे भाग बदलण्यापलीकडे काही करता येत नाही. जुना गोळेवाला संचही चालू स्थितीत असेल तर वाईट नाही, फक्त त्याला दोन चिपवाल्याची किंमत देऊ नका.

उघडलंच आहे तर चिपजवळची चांदीच्या रंगाची क्रिस्टलची डबीही वाचा. तिच्यावर २६.६०१ असं लिहिलेलं असेल तर संच पाल, म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीच्या टीव्हीसाठी बनवलेला आहे. २१.४७७ असेल तर तो अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीचा. असा संच जुन्या पाल टीव्हीला लावला की चित्र काळं-पांढरं येतं, आणि व्हर्टिकलची पकड बसली नाही तर वरखाली पळतं. लोक याला बिघाड समजून संच टाकून देतात. बिघाड काही नसतो. आजच्या बहुतेक एलसीडी टीव्हींना दोन्ही पद्धती चालतात.

पाल संच सेकंदाला ५० चित्रं दाखवतो, एनटीएससी ६०. गेम बहुतेक साठच्या हिशोबाने लिहिलेले, म्हणून पालवर तोच गेम साधारण सतरा टक्के हळू चालतो आणि गाण्याची लयही तेवढीच उतरते. सूर मात्र जवळजवळ तसाच राहतो, कारण या नकलांमध्ये प्रोसेसरचा वेग १.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे मूळ यंत्राच्या अगदी जवळ ठेवला आहे. युरोपात विकल्या गेलेल्या अस्सल निन्टेन्डोत तो १.६६ होता. या एका बाबतीत नक्कल अस्सलपेक्षा शहाणी निघाली, असं माझं स्पष्ट मत आहे. आवाजात एक फरक मात्र कानाला जाणवतो. यातल्या बऱ्याच चिपांमध्ये चौकोनी लहरींची पंचवीस आणि पन्नास टक्क्यांची रूपं एकमेकांच्या जागी बसली आहेत. त्यामुळे अस्सल यंत्रावर जी धून बारीक वाजते ती इथं भरीव वाजते, आणि भरीव ती बारीक. लहानपणी जो आवाज कानात बसला तो हा. म्हणूनच फोनवरच्या इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणाऱ्या अ‍ॅपवर, तेच गाणं ऐकताना 'काहीतरी वेगळं आहे' असं वाटत राहतं.

आता विजेचा भाग. सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं, म्हणून सविस्तर.

जुन्या संचाबरोबर येणारा काळा जड अ‍ॅडॉप्टर म्हणजे ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि एक कपॅसिटर. वर नऊ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण काही न जोडता मल्टिमीटर लावा, बारा-तेरा व्होल्ट दिसतील. भार पडला की व्होल्टेज उतरतं. संचातला ७८०५ रेग्युलेटर त्याचे पाच व्होल्ट करतो आणि वरचे सगळे व्होल्ट उष्णता करून बाहेर टाकतो. हिशोब सोपा आहे. बोर्ड तीनशे मिलिअँपिअर घेतो असं धरा. नऊ व्होल्ट आत आले तर चार व्होल्ट जाळायचे, म्हणजे १.२ वॉट. बारा आले तर सात व्होल्ट, म्हणजे २.१ वॉट. हीट सिंक म्हणून लावलेली ती पातळ पत्र्याची पट्टी एवढी उष्णता झेपवू शकत नाही. रेग्युलेटर तापून स्वतःला बंद करून घेतो, वीस मिनिटांनी गेम अडकतो, थंड झाला की परत चालतो. 'थोडा वेळ चालतो आणि मग हँग होतो' असं विकणारा सांगत असेल तर कारण बहुधा हेच, आणि उपाय स्वस्त आहे.

उपाय असा. जुना अ‍ॅडॉप्टर सोडा. नऊ व्होल्ट, एक अँपिअरचा चांगला स्विचिंग अ‍ॅडॉप्टर घ्या. पण त्याआधी पिनेची बाजू तपासा. मूळ फॅमिकॉमला मधली पिन निगेटिव्ह लागते. नकलांमध्ये काहींनी तेच ठेवलं, काहींनी उलटं केलं, आणि शिक्का पाहून ते कळत नाही. बोर्डावर ७८०५ शोधा. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय आत येणारा, मधला ग्राउंड, उजवा पाच व्होल्टचा. मल्टिमीटर 'बीप'वर ठेवा, एक टोक मधल्या पायाला, दुसरं अ‍ॅडॉप्टरच्या सॉकेटच्या मधल्या पिनेला आणि मग बाहेरच्या पत्र्याला लावा. जिथं बीप वाजेल ती बाजू निगेटिव्ह. दोन्हीकडे वाजत नसेल तर आत चार डायोडचा ब्रिज आहे का पाहा. ब्रिज असेल तर अ‍ॅडॉप्टर कोणत्याही बाजूने चालतो. ही तपासणी न करता उलटा अ‍ॅडॉप्टर लावला आणि वाटेत डायोड नसला तर रेग्युलेटर आणि कपॅसिटर दोन्ही जातात, कधी चिपही.

७८०५ला आत किमान सात व्होल्ट लागतात. 'पाच व्होल्टच हवेत ना' म्हणून मोबाइलचा चार्जर सॉकेटला लावला तर बाहेर तीन-साडेतीन येतात आणि चित्र येत नाही. पॉवर बँकवर चालवायचं असेल तर रेग्युलेटर काढून पाच व्होल्ट थेट द्यावे लागतात. पण मग उलटी वायर किंवा बिघडलेला चार्जर यांच्यापासून बोर्डाला कोणतंच संरक्षण उरत नाही. त्यापेक्षा ७८०५च्या जागी बसणारं तीन पायांचं स्विचिंग मॉड्यूल बरं. ते जवळजवळ तापत नाही, आणि तेच नऊ व्होल्टचे अ‍ॅडॉप्टर चालतात.

रेग्युलेटरच्या शेजारचा मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बहुधा १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा असतो. तीस वर्षांत तो आतून सुकतो. खूण: पडद्यावर आडवे काळसर पट्टे दिसतात आणि हळूहळू वर किंवा खाली सरकतात. मेन लाइन ५० हर्ट्झची, चित्रही जवळजवळ ५०चं, म्हणून पट्टे पळत नाहीत, रेंगाळतात. आवाजात गुणगुण येते. डोकं फुगलेलं नसलं तरी हा कपॅसिटर बदलाच. जागी त्याच मापाचा, पण २५ व्होल्टचा लावा, कारण जुन्या अ‍ॅडॉप्टरचे तेरा व्होल्ट सोळाच्या फारच जवळ जातात. पट्टीची बाजू निगेटिव्ह. बोर्डावरच्या छापील खुणेवर विश्वास ठेवण्याआधी जुना कपॅसिटर कसा बसला होता त्याचा फोटो काढा, नकली बोर्डांवर छपाई चुकलेली असू शकते. बाकीचे दोन-चार लहान कपॅसिटर त्याच हाताने बदलून टाका. शाहूपुरी किंवा राजारामपुरीत सुटे भाग विकणाऱ्या दुकानात हे सगळं मिळून शंभर रुपयांच्या आत बसावं.

सोल्डर करताना एक काळजी. हे बोर्ड तपकिरी रंगाचे, कागद आणि रेझिनचे असतात. हिरव्या फायबरच्या बोर्डाइतके ते दमदार नसतात. आयर्न तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं की तांब्याची टिकली उचकटून वर येते. तापमान ३२०-३४० अंश, टोक स्वच्छ, आधी थोडं ताजं सोल्डर देऊन मग विक, म्हणजे सोल्डर शोषून घेणारी तांब्याची पट्टी, लावायची. टिकली उचकटलीच तर पातळ वायरने पुढच्या जोडाला पूल बांधता येतो, घाबरायचं कारण नाही.

काम झाल्यावर कॅसेट न लावता चालू करा, ७८०५च्या उजव्या पायावर ४.८ ते ५.२ व्होल्ट दिसले की मगच कॅसेट लावा. चालू संचात कॅसेट कधीही घालू किंवा काढू नका.

कॅसेट आणि तिची खाच यांच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, त्यातला पहिला फुंकरीचा. फुंकर मारल्याने कॅसेट चालते असं अख्ख्या पिढीला वाटतं. चालते ती परत बसवल्यामुळे. काढून घातली की पिना घासल्या जातात आणि संपर्क होतो. फुंकरीतली ओल मात्र पिनांवर राहते आणि काही वर्षांत हिरवट गंज चढवते. फुंकर बंद. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुकानात 'आयपीए' म्हणून मागायचं, कान साफ करायच्या काडीवर घेऊन कॅसेटच्या पिना दोन्ही बाजूंनी पुसा, काडी काळी येणं थांबेपर्यंत. हट्टी डाग असेल तर पांढरा खोडरबर हलक्या हाताने. पॉलिश पेपर नको. नकली कॅसेटच्या पिनांवरचा मुलामा इतका पातळ असतो की एकदा घासलं की खाली तांबं उघडं पडतं, आणि पावसाळ्यात ते काळं पडतं.

बिघाड कुठं आहे हे पडदा पाहून बरंच ओळखता येतं. साठ पिना दोन ओळींत तीस-तीस आहेत. लांबीच्या दिशेने पाहिलं तर साधारण एका अर्ध्यातल्या पिना प्रोग्रामच्या आणि दुसऱ्या अर्ध्यातल्या चित्राच्या. पडदा एका रंगाचा, निपचित, आवाज नाही, तर प्रोग्रामच्या बाजूचा संपर्क गेलेला आहे, किंवा पाच व्होल्टच पोचत नाहीत. संगीत चालू आहे, स्टार्ट दाबल्यावर गेम पुढे जातोय, पण मारिओच्या जागी ठोकळे आणि अक्षरांचा चुरा दिसतोय, तर प्रोग्राम ठीक आहे, चित्राच्या बाजूच्या पिना बघा. तिसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. फॅमिकॉमच्या रचनेत आवाज बोर्डाकडून पंचेचाळीसाव्या पिनेतून कॅसेटमध्ये जातो आणि शेचाळीसाव्या पिनेतून परत येतो. कॅसेटमध्ये या दोन पिना जोडलेल्या असतात. नकली बोर्डाने हीच पद्धत ठेवली असेल तर त्या दोनपैकी एक पिन मळली की चित्र उत्तम आणि आवाज गायब. एका कॅसेटला आवाज आहे, दुसरीला नाही, असं झालं की टीव्हीवर संशय घेण्याआधी या दोन पिना पुसा.

पिना स्वच्छ असूनही कॅसेट हलवली की चित्र बिघडत असेल तर खाचेतल्या स्प्रिंग सैल झाल्या आहेत. बारीक सुईने एकेक पट्टी अर्धा मिलिमीटर बाहेर ओढता येते. साठही करायच्या म्हणजे तासभर जातो, पण जमतं. पट्टी तुटली तर नवी खाच बसवावी लागते: २.५४ मिलिमीटर अंतराची, दोन ओळींत तीस-तीस पिनांची. अमेरिकी निन्टेन्डोची बहात्तर पिनांची खाच मागवू नका, तिच्या पिनांचं अंतर २.५० आहे, ती बसत नाही. बहात्तरवाल्या यंत्रात परवान्याची चिप नसलेली कॅसेट घातली की पडदा सतत लुकलुकतो. आपल्या साठ पिनांच्या संचात ती चिपच नाही. त्यामुळे लुकलुकण्यावरचे इंटरनेटवरचे उपाय इथं लागू पडत नाहीत.

'कॉन्ट्रा' या गेममध्ये गोळ्या आणि शत्रू एका ओळीत आले की लुकलुकतात, हा मात्र बिघाड नाही. चित्राची चिप एका आडव्या ओळीत आठच हलत्या आकृत्या दाखवू शकते. नववी आली की गेम त्यांना आळीपाळीने दाखवतो.

रिमोट. नऊ पिनांचा प्लग असतो, आत पाच वायरी: पाच व्होल्ट, ग्राउंड आणि तीन संकेतांच्या. सगळी बटणं एकदम मेली तर वायर तुटली आहे, आणि ती जवळजवळ नेहमी रिमोटच्या तोंडाशी किंवा प्लगच्या मानेशी तुटते. तिथली चार बोटं लांबीची वायर कापून टाका आणि परत सोल्डर करा. एकच बटण मेलं असेल तर खालचं रबर: त्याच्या पोटाला काळी कार्बनची टिकली असते, ती आणि बोर्डावरची काळी जाळी आयपीएने पुसा. टिकली झिजलीच असेल तर शिसपेन्सिलीने घोटून महिना-दोन महिने चालते. टर्बो बटण दाबूनही गोळ्या एकेकच सुटत असतील तर टर्बोचा दोलक गेला. तो काळ्या गोळ्यात असतो, रिमोटच बदला. सेगा किंवा अटारीचा रिमोट प्लग बसतो म्हणून लावू नका, पिनांची मांडणी वेगळी आहे आणि पाच व्होल्ट भलत्याच वायरीत जाऊ शकतात.

गनचा, म्हणजे पडद्यावर रोखायच्या खेळण्यातल्या बंदुकीचा, प्रश्न टीव्हीशी बांधलेला आहे, म्हणून दोन्ही एकत्र. बदकं मारायच्या 'डक हंट' गेममध्ये ट्रिगर दाबला की पडदा एका चित्रापुरता काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. गनमधला प्रकाशाचा डोळा तो चौकोन त्याच क्षणी दिसला का एवढंच पाहतो. पिक्चर ट्यूबचा टीव्ही ते चित्र लगेच उमटवतो. एलसीडी टीव्ही ते आधी साठवतो, मग दाखवतो, तोवर गेमने बदक सुटलं असं ठरवलेलं असतं. म्हणून एलसीडीवर गन चालत नाही, कोणतंही सेटिंग बदलून चालत नाही. नंतरच्या काळातल्या १०० हर्ट्झच्या पिक्चर ट्यूबवरही नाही, कारण तोही चित्र साठवून दोनदा दाखवतो. स्वस्त गनमध्ये टीव्हीची लहर ओळखणारा फिल्टर नसतो, ती बल्बकडे रोखली तरी बदक पडतं. गन तपासायला हे पुरेसं आहे: बल्बवर रोखून पाहा, काहीच होत नसेल तर भिंग पुसा, मग ट्रिगरचा स्विच बघा.

पिक्चर ट्यूबचा टीव्ही अजून मिळतो, आणि बहुतेक वेळा नेणाऱ्यानेच उपकार केले असं देणाऱ्याला वाटून मिळतो. चौदा किंवा एकवीस इंची, पिवळ्या-पांढऱ्या एव्ही सॉकेटचा घ्या. मागचं झाकण स्वतः उघडू नका. ट्यूबला जाणारं व्होल्टेज वीस हजारांच्या पुढे असतं आणि बंद केल्यावरही ते काही काळ आत राहतं. शहरात अजून जुने टीव्ही दुरुस्त करणारे हात आहेत, हे काम त्यांचं.

एव्ही वायर नसेल आणि जुन्या अँटेना सॉकेटमधूनच चालवायचं असेल तर एक खोच लक्षात ठेवा. आपल्या पाल-बी टीव्हीत आवाजाची लहर चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर असते, चीनच्या पद्धतीत ६.५वर, हाँगकाँगच्या पद्धतीत ६वर. तिकडच्यासाठी बनवलेल्या संचाचं चित्र येतं, आवाजाऐवजी खरखर. ट्यूनिंग कितीही फिरवलं तरी सुधारत नाही. आतून एव्हीचे दोन संकेत शोधून वायर बाहेर काढणं हाच सरळ मार्ग. मॉड्युलेटरच्या, म्हणजे अँटेना सॉकेटसाठी संकेत तयार करणाऱ्या, डबीत चित्र आणि आवाज वेगवेगळ्या पायांनी जातात, ते तिथून घेता येतात.

एलसीडीवर खेळायचंच असेल तर टीव्हीत 'गेम मोड' चालू करा आणि चित्र ४:३ ठेवा. नव्या टीव्हीत तीन गोल सॉकेटांऐवजी एकच हेडफोनसारखं भोक असतं, त्याची वायर त्या टीव्हीबरोबरचीच वापरा. दुसऱ्या कंपनीच्या वायरीत व्हिडिओ आणि ग्राउंडची जागा बदललेली असू शकते. स्वस्त एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर दिलाच तर चालतो, पण तो चित्र ताणून रुंद करतो आणि उशीर वाढवतो. मारिओच्या उडीत तो उशीर हाताला लगेच कळतो.

म्हणूनच नवे डबे आणि एचडीएमआय स्टिक मला पटत नाहीत. स्टिकमध्ये छोटा संगणक इम्युलेटर चालवतो. बिनतारी रिमोट, इम्युलेटर आणि टीव्ही, तिन्हींचा उशीर एकत्र होतो. नव्या डब्यात काळा गोळा, पातळ वायर, आणि मेनूतले तेच गेम वेगवेगळ्या नावांनी परत परत. बिघडला की टाकायचा.

कॅसेटवरच्या '९९९९ इन १'चंही तेच गणित. खरे गेम मोजके, बाकी त्याच गेमच्या वेगळ्या पातळीवरून सुरू होणाऱ्या नोंदी. त्यात रोड फायटर, सर्कस नेहमी का असतात? कारण ते लहान आहेत. १९८५चा सुपर मारिओ अख्खा ४० किलोबाइटचा: ३२ प्रोग्रामचे, ८ चित्राचे. असे गेम चिपमध्ये शेजारी शेजारी सहज बसतात. मोठ्या गेमला मेमरीची पानं उलटणारं वेगळं सर्किट लागतं. म्हणून कॅसेट निवडताना आकड्याला भुलू नका, एका मोठ्या गेमची स्वतंत्र कॅसेट शंभर इन एकपेक्षा जास्त किमतीची समजा. ज्या गेममध्ये खेळ साठवायची सोय आहे त्याच्या नकली कॅसेटमध्ये बॅटरी बहुधा वगळलेली असते. उघडून गोल सेल दिसला तरच विश्वास ठेवा.

कीबोर्डवाला संच, 'शिकायचा कॉम्प्युटर' म्हणून विकलेला, दिसला तर जरूर बघा. आत यंत्र हेच असतं, सोबतच्या कॅसेटमध्ये टायपिंगचे खेळ आणि जी-बेसिक. हे जी-बेसिक म्हणजे निन्टेन्डोने १९८४मध्ये काढलेल्या फॅमिली बेसिकची नक्कल. त्यात मारिओसारख्या आकृत्या दोन-तीन ओळींच्या प्रोग्रामने हलवता येतात, आणि मुलाला प्रोग्राम म्हणजे काय हे दाखवायला याहून सोपं साधन मला माहीत नाही. उणीव मोठी आहे: मूळ कीबोर्डला टेपरेकॉर्डर जोडून प्रोग्राम साठवता येत असे, नकलेत ती सोय बहुधा नाही. बंद केलं की सगळं पुसलं, म्हणून वही जवळ ठेवा. कीबोर्डची अख्खी एक ओळ मेली असेल तर आतल्या प्लास्टिक फिल्मची शेपटी सॉकेटमधून निसटलेली असते. ती सरळ ओढू-खुपसू नका, वाळून कडक झालेली असते आणि घडीवर तडकते. खऱ्या होम कॉम्प्युटरचाच शोध असेल तर पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने परवान्याने आणलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस डोळ्यांसमोर ठेवा, पण तो वेगळा आणि बराच खर्चिक नाद आहे.

किमतीबद्दल माझं मोजमाप असं: दोन चिपचा, पाल, दोन रिमोट आणि गनसह चालू दाखवलेला संच हजार-बाराशेपर्यंत योग्य. न तपासलेला, गोळ्याचा, तीनशेच्या वर नको. खोका आणि थर्मोकोल मूळचे असतील तर संग्रह करणाऱ्याने थोडे जास्त द्यावेत, खेळणाऱ्याने नाही. पिवळा पडलेला डबा स्वस्त मागा. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवला की उजळतो, पण प्लास्टिक आधीच ठिसूळ झालेलं असतं आणि पुढे परत पिवळं पडतं. मी त्या वाटेला जाणार नाही.

शेवटची तपासणी फक्त आपल्याकडची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या पुरात दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, नागाळा पार्क, तिकडे प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुका इथल्या कितीतरी घरांत पंचगंगेचं आणि कृष्णेचं पाणी शिरलं. त्या घरांतला माल नंतर बाजारात आला, आणि बाहेरून धुतलेला डबा नवाकोरा दिसतो. उघडल्यावर स्क्रूच्या खोबणीत गाळाची रेघ, चिपच्या पायांवर पांढरी-हिरवी भुकटी, कागदी बोर्डाच्या कडेला फुगवटा दिसला तर तो संच पाण्यातला. बोर्ड फुगलेला असेल तर घेऊ नका, वाटा आतून सुटत राहतात. फक्त गाळ असेल तर वाचतो: वीज न देता मऊ ब्रश आणि डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग आयपीए ओतून पाणी बाहेर काढा, खाच उलटी धरून निथळू द्या, आणि सावलीत, पंख्याखाली पूर्ण दोन दिवस वाळवा. भिजलेला ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅडॉप्टर मात्र कितीही वाळवला तरी वापरू नका. त्याच्या गुंडाळीतली ओल दिसत नाही आणि तिथं २३० व्होल्ट असतात. चांगला संचही जून ते सप्टेंबर माळ्यावर नको. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या, आणि पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास चालू करायचा. कॅसेट खाचेत अडकवून ठेवू नका, स्प्रिंग तशाच दबून बसतात.